लाल झेंडा आणि तीन एकर कोरडवाहू

मंडळी, आपल्या यवतमाळात कम्युनिझमचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे आमची शेती सरकारजमा?" तीन एकर कोरडवाहू, त्यावर सोसायटीचं कर्ज, आणि भीती मात्र मालगुजाराची! हसू नका. ही भीती हवेतून आलेली नाही. सोव्हिएत रशियात १९२९ नंतर शेतीचं सक्तीनं सामूहिकीकरण झालं. धान्यवसुली इतकी कडक होती की १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली.

पण हे ग्रंथात लिहिलेलं होतं का? एंगल्सनं १८९४ साली शेतकऱ्यांच्या प्रश्नावर लिहिलं, त्यात लहान शेतकऱ्याची जमीन बळानं घ्यायला साफ नकार आहे. उदाहरण दाखवून, सहकारातून त्याला वळवा, असं त्याचं म्हणणं. मार्क्सचा रोखही तुमच्या घरच्या बैलजोडीवर नाही. दुसऱ्याच्या श्रमावर वाढणाऱ्या मालकीवर आहे; सालगडी ठेवणाऱ्याला हे नीट कळतं, म्हणून तोच जास्त ओरडतो.

दुसरा घोळ, सरकारी म्हणजे समाजवादी. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली. व्यापारी बाजूला, सरकार एकटं गिऱ्हाईक. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, चुकाऱ्याची वाट. "समाजवाद पाहिला बा आम्ही," असं अजून ऐकू येतं. अहो, ती योजना काँग्रेस सरकारची! तिनं काही वर्षं आधारही दिला, ते नाकारू नये. पण कापूस पिकवणाऱ्याच्या हाती तिथं काय होतं? वणीच्या कोळसा खाणींचंही तेच. खाण सरकारची झाली म्हणून खाणकामगार मालक होत नाही.

आता आमच्या डाव्या मित्रांकडे येतो. "सिद्धांत चोख, अंमल वाईट" हे उत्तर फार सोयीचं आहे. पक्षच कामगारांच्या नावानं राज्य करू लागला, तर त्याला अडवायचं कोणी? सिद्धांतानं याची तजवीज नीट केलेलीच नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखनात नेमकं इथंच बोट ठेवलं. खासगी मालकीतून शोषण होतं, हे त्यांनी मान्य केलं. पण हुकूमशाही किती दिवस चालणार आणि राज्यसंस्था विरून गेल्यावर तिच्या जागी काय येणार, असं त्यांनी विचारलं. यावर "तो खरा कम्युनिझमच नव्हता" एवढं म्हणून कॉम्रेड लोक चहा मागवतात.