लाल मणी आणि वार्षिक मूल्यमापन

मंडळी, मागच्या वेळी कर्तृत्वाचा प्रश्न आपण अर्धवट सोडला होता. आज तो ऑफिसात नेऊ. वर्षाअखेरीस अप्रेझल होतं, प्रत्येकाला एक आकडा मिळतो, आणि त्या आकड्याच्या धाकाने उत्पादकता वाढते असं गृहीत धरलं जातं. या गृहीतकाशी आमचं भांडण आहे.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग आपल्या चर्चासत्रांत एक खेळ करत. पेटीत पांढरे मणी, त्यांत साधारण २० टक्के लाल. श्रोत्यांतून ६ 'कामगार' बोलवायचे. ५० खळग्यांची फळी मण्यांत बुडवायची आणि वर काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. कुणाचे ५ लाल निघतात, कुणाचे १५. मग ५ वाल्याला शाबासकी, १५ वाल्याला दटावणी. पुढच्या फेरीत शाबासकीवाल्याचेच लाल वाढायचे! लोक हसत. पण बघा, पेटीत लाल मणी भरले कोणी? कामगाराने तर नाहीच. 'आउट ऑफ द क्रायसिस' या पुस्तकात डेमिंग यांनी अंदाज दिला आहे की, सुधारणेच्या शक्यतांपैकी ९४ टक्के व्यवस्थेच्या हातात असतात. आकडा ९४ की ८४, यावर आम्ही हुज्जत घालणार नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची ५ कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळे व्यापार आणि दैव. कर्ता त्यांतला एक. अप्रेझलचा फॉर्म मात्र सगळं कर्त्याच्याच खात्यावर टाकतो.

जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये तळाच्या १० टक्क्यांना दरवर्षी घरचा रस्ता दाखवण्याची रीत रुजवली. तशीच सक्तीची उतरंड मायक्रोसॉफ्टमध्ये होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ती सोडली. १० जणांच्या गटात कुणाला तरी 'कमी' ठरवायचंच असेल, तर शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. हुशार माणूस हुशारांच्या गटात जायला कचरतो. अडचण लपवली जाते, कारण ती सांगितली की आकडा घसरतो. आता यातून उत्पादकता कशी वाढायची?

मग कामचुकाराचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तो असतो. आम्ही पाहिलेत, आणि प्राध्यापकांत जरा जास्तच. पण त्याच्याशी वरिष्ठाने त्याच आठवड्यात बोलावं, मार्चची वाट कशाला बघायची? पगारवाढ कशी ठरवायची, हा मात्र खरा अवघड प्रश्न आहे. तो न्यायाचा प्रश्न आहे, पुढच्या व्याख्यानात तोच घेऊ.