घोटा कुणी धरला?

खो-खोच्या सामन्याची बातमी मराठी दैनिकात येते तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंस हमखास असतो: इतकी मिनिटं संरक्षण, इतके गडी बाद. संगणक मैदानात येण्याच्या कितीतरी आधीपासून या खेळाने गड्यागड्याचा हिशेब ठेवला आहे. त्यामुळे आकडेवारी आपल्याला क्रिकेटने शिकवली, हे मला मान्य नाही. पण संरक्षक एकेरी साखळीत पळाला की एका जागी घोटाळत राहिला, खांबाकडे केव्हा वळला, कुणाच्या खोवर सापडला, हे त्या कंसात मावत नाही. चित्रण वाचणाऱ्या यंत्राने सांगायचं ते एवढंच.

खो-खोत ते जमण्याजोगं आहे. आठ चौकटी, दोन खांब, सगळं ठरल्या जागी; एका वेळी तीनच संरक्षक. उंचावरच्या एका स्थिर कॅमेऱ्यालाही मैदानाचा नकाशा मिळतो. कबड्डीत खरी पंचाईत. 13 बाय 10 मीटरचं मैदान, 30 सेकंदांची चढाई आणि शेवटी एकमेकांवर पडलेला ढीग. त्यात झाकला गेलेला खेळाडू बाहेर आला की संगणक त्याला दुसराच कुणी समजतो. शरीराचे सांधे टिपणाऱ्या प्रणाली गेल्या दहा वर्षांत झपाट्याने सुधारल्या, तरी ढिगातला पाय कुणाचा, इथे त्या अडखळतात. प्रो कबड्डीने 2014 पासून चढाईचे आकडे घरोघरी पोचवले, त्यांचं मोल आहे. पकडीच्या आकड्यांवर माझा भरवसा कमी. घोटा धरणाऱ्या कोपरारक्षकाचं नाव झळकतं. बोनसचं आमिष दाखवून चढाईपटूला त्या कोपऱ्यात आणणारा तक्त्यात दिसत नाही. फुटबॉलमध्ये चेंडूपासून लांब असलेल्यांच्या हालचाली मोजायला घेतल्या, तेव्हा कुठे तिथला अभ्यास वयात आला.

कुस्तीत तर दोनच देह, आणि तरी ओढाताण. 2025 च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत खांदे टेकले की नाही यावरून भडका उडाला, पंचांवर धावून गेलेल्या शिवराज राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली, आणि चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरली. निवाडा आणि अभ्यास यांची आपण गल्लत करतो. निवाड्याला एक क्षण पुरतो. अभ्यासाला शंभर लढती लागतात: हा मल्ल पट कुठल्या बाजूने काढतो, चौथ्या मिनिटानंतर त्याची कंबर किती वर येते.

लातूरच्या पोराच्या अशा शंभर लढती आणायच्या कुठून? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार पुण्यात वस्ताद झाले. लातूरचेच अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांचं संकुलही पुण्यात, कात्रजला. या दोघांच्या हाताखाली घडलेल्या बीडच्या राहुल आवारेने 2019 मध्ये जागतिक कांस्य जिंकलं. मराठवाड्याचा मल्ल कॅमेऱ्यासमोर येतो तो पुणं गाठल्यावर. त्याची घडण्याची वर्षं जत्रांच्या फडांत गेलेली असतात आणि त्यांची नोंद फार तर वस्तादाच्या डोक्यात. यंत्र म्हणून आयत्या मल्लाला तपासतं. तो घडला कसा, हे त्याला ठाऊक नसतं. या विद्येची आजची मोठी उणीव मला हीच वाटते, आणि महागडी सामग्री आणून ती भरणार नाही.

अशी नोंद सुरू करायला नांदेडात जुळवाजुळव तशी सोपी आहे. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत संगणकाकरवी चित्रं वाचण्याचं संशोधन बरीच वर्षं चालू आहे, आणि त्याच शहरात गोल्ड अँड सिल्व्हर कप हॉकीसाठी देशभरचे संघ उतरतात. विद्यार्थ्यांना प्रकल्पाकरिता आयपीएलचे आयते आकडे चाळणं सोयीचं, हे खरं. पण त्या आकड्यांवर जगभरची पोरं तुटून पडली आहेत, त्यात नवं काय हाती लागणार? हॉकीचा चेंडू लहान आणि वेगवान, साध्या चित्रणात तो सारखा हरवेल. तेव्हा आधी चेंडूचा नाद सोडावा आणि खेळाडू कुठे उभे होते एवढंच टिपावं. त्याला शेजारच्या गच्चीवर तिवईवर लावलेला मोबाइल चालतो.