शफल बंद करा

‘कॉल ऑफ द व्हॅली’ मी चार वर्षं ऐकत होतो. म्हणजे कोड लिहिताना तो मागे वाजत असायचा, तोही शफलवर. गेल्या महिन्यात लॅपटॉप मिटून, हेडफोन लावून क्रमाने ऐकला आणि स्वतःचीच लाज वाटली.

१९६७ चा हा अल्बम म्हणजे काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस. पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, संध्याकाळी भूप, नंतर देस, शेवटी पहाडी. शफल लावलं की देस संपल्यावर पुन्हा उजाडतं! निर्माते जी. एन. जोशी, आपले भावगीतवाले. थोडक्यात गोष्ट सांगायची खोड तिथूनच आली असावी, हा आपला माझा अंदाज.

गोष्ट तशी बेताचीच. खरी गंमत वाद्यांच्या स्वभावात आहे. शिवकुमार शर्मांच्या संतूरवर सूर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. हरिप्रसाद चौरसियांची बासरी तोच सूर श्वासभर धरून ठेवते. ब्रिजभूषण काब्रांची आडवी धरलेली गिटार मींड घेत दोघांच्या मधून जाते. कुणाचीही कुरघोडी नाही.

राग पुरता उलगडत नाही, हे मान्य. भूप तर मला अजून तासभर चालला असता.

सीडीच्या काळात शेवटी आणखी तुकडे जोडले गेले. ॲपवर तेही वाजतात. मी पहाडी संपली की थांबवतो.