सुधारणेचा हिशोब कोण देणार?

मित्रहो, आम्ही शिक्षक सुधारणांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचा आक्षेप एवढाच, की जुन्या सुधारणेचा हिशोब न देता नवी सुरू होते.

क्रम बघा. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आणि ज्ञानरचनावाद. वर्गांतल्या फरशासुद्धा रंगल्या. २०२१ मध्ये 'निपुण भारत'. दर वेळी नवं प्रशिक्षण, नवे तक्ते, नवी माहिती भरणं. आधीच्यातलं काय साधलं, काय फसलं, हे शिक्षकांसोबत बसून कोणी तपासलं? दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडली. २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला.

आता आपल्या यवतमाळात या. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड आहेत. तिथलं पोरगं घरी कोलामी बोलतं. ही द्राविडी कुळातली भाषा. मराठी तिच्या कुळातली नाही. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी. या मुलांना पहिलीत वाचनाच्याही आधी मराठी ऐकायला शिकावं लागतं. 'निपुण'चं लक्ष्य मात्र सगळ्यांना एकच: तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. लक्ष्य वाईट नाही हो! पण शर्यत सुरू होते तिथे हे मूल दोन पावलं मागे उभं असतं, आणि मागे राहिलं की दोष त्याचा नाही तर गुरुजींचा.

२०२० चं राष्ट्रीय धोरण म्हणतं, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर राज्यभर वाद पेटला, शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात कोलामीचं नाव किती जणांनी घेतलं?

त्यात समूह शाळा. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी प्रस्ताव मागवले गेले. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, मैदान, बरोबरीचे सवंगडी मिळतील, हा मुद्दा आम्हालाही पटतो. पण पोडाची वस्तीच लहान, तिथे पट वीस होणार कुठून? कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप सकाळीच शेतात जातात. सात वर्षांच्या लेकराला गाडीत बसवून द्यायला घरी कोण असतं? पावसाळ्यात नाल्याला पूर आला, की गाडी येणार कशी? मग लेकरू घरीच राहतं, आणि गैरहजेरीचं खापर पुन्हा आईबापावर.

म्हणून आमचं मागणं तीन गोष्टींचं. नवी योजना आणण्याआधी जुनीचा हिशोब शिक्षकांपुढे ठेवा. पहिली-दुसरीच्या वर्गाला कोलामी किंवा गोरमाटी जाणणारा माणूस द्या. आणि पोडावरची शाळा नुसत्या पटावर बंद करू नका; मुलं नव्या शाळेत रोज पोचतात, हे आधी दाखवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.