देवयानीच्या शेजारचा निळा कंस

देवयानी दीर्घिकेची इतकी छायाचित्रे निघाली आहेत की तिच्या परिसरात काही नवे सापडेल, अशी अपेक्षाच उरली नव्हती. 1888 साली आयझॅक रॉबर्ट्स यांनी काचेच्या पट्टीवर तिचे सर्पिल रूप टिपले, तेव्हापासून दरवर्षी जगभरचे कॅमेरे तिच्याकडे रोखलेले असतात. म्हणून यान सँती, ग्झाव्हिए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी खगोलप्रेमींचे ‘अँड्रोमेडा, अनएक्स्पेक्टेड’ हे चित्र मला विलक्षण वाटते. ग्रिनिचच्या वेधशाळेने भरवलेल्या खगोल-छायाचित्र स्पर्धेत 2023 साली ते सर्वोत्कृष्ट ठरले.

नजर आधी जाते दीर्घिकेच्या पिवळसर गाभ्याकडे. तिथे म्हाताऱ्या ताऱ्यांची दाटी आहे. मग धुळीचे काळपट पट्टे, बाहेरच्या भुजांवर तरुण ताऱ्यांची निळाई, मधूनच हायड्रोजनचे गुलाबी ठिपके, आणि एम 32, एम 110 या दोन छोट्या सोबतिणी. सगळे नेटके, पण ओळखीचे. एवढ्यावरच चित्र संपले असते, तर ते अनेक चांगल्या चित्रांपैकी एक म्हणून राहिले असते. मात्र गाभ्याच्या आग्नेयेला, जिथे आपण काळोख गृहीत धरलेला असतो, तिथे एक निळा कंस उमटतो. आकाशात त्याची लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र ओळीने मांडावेत एवढी. एकदा दिसला की मग नजर त्याला सोडत नाही, आणि इतकी तेजस्वी दीर्घिका चक्क पार्श्वभूमीला जाते. चित्राची खरी ताकद मला या उलथापालथीत दिसते.

एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षे लपली कशी? हा कंस दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या प्रकाशात दिसतो, मुख्यतः 500.7 नॅनोमीटरच्या तरंगलांबीला. हा प्रकाश अतिशय विरळ वायूतून येतो. साध्या चित्रात आकाशाचा स्वतःचा उजेड त्याला गिळून टाकतो. एवढीच तरंगलांबी आत सोडणारा अरुंद फिल्टर लावावा, तर दीर्घिकांसाठी हौशी मंडळी तो सहसा वापरत नसत. त्यांची पसंती हायड्रोजनच्या फिल्टरला. मोठ्या दुर्बिणींना आकाशाचा लहानसा तुकडाच दिसतो, त्यामुळे एवढा पसरलेला कंस त्यांच्या चौकटीत मावत नाही. 106 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या दुर्बिणीला मात्र तो अख्खा सापडला.

तिच्यामागे होता थंड ठेवलेला कृष्णधवल डिजिटल कॅमेरा. संवेदक थंड असला की त्यात उष्णतेने निर्माण होणारे खोटे संकेत कमी होतात. एकेक चित्र जास्तीत जास्त दहा मिनिटांचे, आणि अशा चित्रांची रास मिळून शंभराहून अधिक तासांचा प्रकाश. शंभर चित्रांची सरासरी घेतली की त्यातला यादृच्छिक गोंधळ दहापट घटतो. आकाशातली खरी वस्तू मात्र प्रत्येक चित्रात आपल्या जागी असल्याने टिकून राहते. फ्रान्समधल्या नॅन्सीजवळ रात्रीमागून रात्री जागवून गोळा केलेला हा प्रकाश आहे, आणि तो संयम मला चित्राच्या रंगांइतकाच सुंदर वाटतो.

इथे एक हरकत घेता येईल. दीर्घिकेच्या मानाने कंस खूपच उजळ करून दाखवला आहे आणि त्याचा निळा रंगही निवडलेला आहे. मूळ प्रकाश हिरवटाकडे झुकतो. मला ही निवड रास्त वाटते. जे डोळ्याला कधीच दिसणार नाही, ते दाखवायचे तर उजेडाचे प्रमाण बदलावेच लागते. महत्त्वाचे हे की कंस संगणकाने रचलेला नाही. जाहीर करण्याआधी या मंडळींनी इतर निरीक्षकांकडून, वेगळ्या ठिकाणांहून आणि वेगळ्या दुर्बिणींनी तो तपासून घेतला. त्या प्रामाणिकपणामुळेच हे चित्र शोभेच्या पुढे जाऊन पुरावा ठरते.

कंस नेमका कुठे आहे, यावर मतभेद झाले. देवयानी आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. कंस मात्र तिच्याजवळचा नसून आपल्याच आकाशगंगेतला वायू असावा, असे नंतरचे काही अभ्यास सुचवतात. तसे असेल, तर चौकटीत शेजारी दिसणाऱ्या या दोघांमध्ये लाखो प्रकाशवर्षांचे अंतर आहे. हे लक्षात ठेवून चित्र पुन्हा पाहिले, की त्याच्या सपाट पृष्ठभागाला एकदम खोली येते.

हे चित्र फोनवर पाहू नका. मोठ्या पडद्यावर, खोलीतले दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावल्यावर पाहा. आणि गाभ्यापेक्षा काळोखाकडे जास्त वेळ पाहा.