अंगणातला आंबा

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ साली ‘सरस्वती’ मासिकात आली. बालपणी अमृतसरच्या बाजारात भेटलेली मुलगी पुढे सुभेदारीण होते. नवरा आणि मुलगा पहिल्या महायुद्धावर निघतात, तेव्हा ती जमादार लहनासिंगापुढे पदर पसरते. तो दोघांना वाचवतो आणि आपली जखम लपवून प्राण देतो.

हिला सारे प्रेमकथा म्हणतात. मीही म्हणत असे. परवा पुन्हा वाचताना मात्र एका आंब्यापाशी अडखळलो. ग्लानीत लहनासिंग जवळच्या सोबत्याला आपला भाऊ समजतो आणि अंगणातल्या आंब्याविषयी बोलतो. भावाचा पुतण्या जन्मला त्याच महिन्यात त्याने तो लावलेला. भावाचा पुतण्या म्हणजे लहनासिंगाचाच मुलगा की! आंब्याला फळे येतील, तेव्हा काका-पुतण्याने त्याच्याखाली बसून ती खावीत, एवढेच त्याचे मागणे. मुलाच्या आईचा तर कथेत उल्लेखही नाही.

माझी तक्रार गुलेरींशी नाही. त्यांनी शेवटी वर्तमानपत्राच्या यादीतली रुक्ष नोंद तेवढी ठेवली आणि शोक आपल्यावर सोपवला. तक्रार आहे ती आम्हा वाचकांशी. वीराने काय दिले ते आम्ही आठवतो. त्यात कुणाचा वाटा गेला ते विसरतो. सुभेदारणीचे घर राहिले, त्याची किंमत त्या अंगणाने मोजली.

यंदा पणती लावताना मला ते अंगण आठवेल.