निनावी जाळे आणि उत्तरदायित्व : ‘ख्रोनिका’च्या निमित्ताने

निनावी लेखन म्हणजे जबाबदारी झटकणारे लेखन, अशी एक सर्वसाधारण धारणा आढळते. सेन्सॉरशिपला न जुमानणाऱ्या निनावी संगणकीय जाळ्यांविषयीही हाच आक्षेप घेतला जातो. मॉस्कोत ३० एप्रिल १९६८ रोजी सुरू झालेल्या ‘ख्रोनिका’ (चालू घटनांचा वृत्तान्त) या भूमिगत वार्तापत्राच्या आधारे ही धारणा तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

टंकलेखन यंत्रात कार्बन कागद घालून प्रती काढायच्या, वाचकाने त्यांच्या आणखी प्रती करून पुढे द्यायच्या, ही ‘समिझ्दात’ची म्हणजेच स्वयंप्रकाशनाची रीत. अंकावर संपादकाचे नाव नसे. पाचव्या अंकात वाचकांना एक सूचना होती : माहिती द्यावयाची असल्यास ज्याच्याकडून अंक मिळाला त्यालाच ती सांगावी, तो आपल्या आधीच्या व्यक्तीस सांगेल, साखळीचा माग मात्र काढू नये, अन्यथा खबऱ्या समजले जाईल. प्रत्येकास केवळ आपला शेजारी ठाऊक, हे त्यातील मूलतत्त्व. २००४ मध्ये शोधनिबंधातून मांडलेल्या ‘टॉर’ची रचनाही याच तत्त्वाशी नाते सांगते. तेथे संदेश सामान्यतः तीन संगणकांतून जातो व प्रत्येकास फक्त मागचा आणि पुढचा दुवा कळतो.

‘ख्रोनिका’चे खरे वैशिष्ट्य तिच्या शैलीत आहे. मुखपृष्ठावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १९ वे कलम. आत अटका, झडत्या, खटले यांच्या कोरड्या नोंदी. मतप्रदर्शन जवळजवळ नाही. पूर्वीच्या अंकातील चुका पुढील अंकांत दुरुस्त केल्या जात. माहिती उलट दिशेने परतण्याची सोय साखळीतच असल्यामुळे हे शक्य झाले. स्वाक्षरीचा आधार नसल्याने विश्वासार्हता पडताळणीतूनच कमवावी लागली. नावापत्त्यासह निघणाऱ्या ‘प्रावदा’ला अशा नोंदी छापण्याची मुभाच नव्हती.

तथापि, या कवचाच्या मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत. पहिल्या संपादिका नताल्या गोर्बानेव्स्काया यांना डिसेंबर १९६९ मध्ये अटक झाली व पुढे मनोरुग्णालयात डांबण्यात आले. १९७२ च्या धरपकडीनंतर प्रत्येक नव्या अंकामागे अटका होतील, त्याही संबंध नसलेल्यांच्या, अशी धमकी देण्यात आली आणि प्रकाशन थांबले. निनावीपणाची किंमत आता इतरांना मोजावी लागणार होती. मे १९७४ मध्ये तात्याना वेलिकानोवा, सर्गेई कोवाल्योव्ह व तात्याना खोदोरोविच यांनी वितरणाची जबाबदारी स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे स्वीकारली. कोवाल्योव्ह यांना त्याच वर्षी डिसेंबरात अटक झाली. माहिती देणाऱ्यांची नावे मात्र झाकलेलीच राहिली. दुर्बळास आडोसा आणि समर्थाने पुढे होणे, हा विवेक येथे दिसतो.

मुक्त समाजास अशा जाळ्यांची गरज काय, हा प्रश्न उरतो. भारतात जून १९७५ मध्ये आणीबाणी आली व वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली; लोकशाहीत जाग्या असलेल्या वाचकाची सकाळ सेन्सॉरच्या छायेत उजाडली. असे मार्ग गरज पडल्यावर उभारता येत नाहीत, ते आधीच असावे लागतात. गुन्हेगारीचा आक्षेप खरा आहे. परंतु टॉरवरील ‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा बाजार २०१३ मध्ये तपासाद्वारे बंद पाडण्यात आला, त्यासाठी जाळे मोडावे लागले नाही.

सारांश, निनावीपणा व उत्तरदायित्व परस्परविरोधी नाहीत. लेखकाचे नाव नसतानाही चूक मान्य करून दुरुस्त करण्याची व्यवस्था आहे काय, या कसोटीवरच अशा जाळ्यांचे मूल्यमापन होणे उचित ठरेल.